कुंकू लावलेलं चक्र

दीनानाथांनी गॅरेजचा दिवा लावला, बर्फगाडीचं पिवळं झाकण उचललं आणि ते जागच्या जागी थांबले. आत छोटं चक्र होतं.

काल दुपारी त्यांनी स्वतःच्या हातांनी मोठं बसवलं होतं. नखातलं ग्रीस अजून पुरतं निघालेलं नव्हतं. पण डोळ्यांसमोर होतं ते छोटंच, आणि मोठं चक्र बिस्किटांच्या डब्यात फडक्यात गुंडाळून पडलं होतं. मग काल आपण काय केलं? चक्र बदललं, की बदलायचं आहे असं मनात घोकत नुसतेच बसून राहिलो? त्यांनी डबा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. डब्याला काय विचारणार!

गाडी तशी खेळण्याहून थोडीच मोठी. पुढे दोन घसरपट्ट्या, मागे रबरी पट्टा, मधे दोरी ओढून सुरू होणारं इवलंसं पेट्रोलचं इंजिन आणि ते इंजिन पट्ट्याला जोडणारी एक चेन. पट्ट्याकडे ती ज्या दातेरी चक्रावर चढायची ते बदलता यायचं, एक छोटं आणि एक मोठं. मुलाच्या, म्हणजे परीक्षितच्या, ऑफिसातला युहा नावाचा फिनलंडचा माणूस कायमचा मायदेशी निघाला, तेव्हा त्याच्या मुलीची ही गाडी परीक्षितने आपल्या लेकीसाठी, अक्षयासाठी घेऊन टाकली. इंग्लंडातल्या या मिल्टन कीन्समध्ये बर्फ पडतो तो ओट्यावर सांडलेल्या मिठाएवढा, पण हौसेला कोण विचारतं? सात वर्षांची अक्षया रोज शाळेतून आली की गॅरेजमध्ये जाऊन गाडीवर बसायची आणि तोंडाने इंजिनाचा आवाज काढायची.

देवयानीने, म्हणजे दीनानाथांच्या सुनेने, एकच अट घातली होती. "मी शेजारून चालत असेन. गाडी माझ्यापुढे गेली की त्याच दिवशी विकायची."

या अटीवरचा उपाय दीनानाथांना ठाऊक होता. युहा गाडी पोचवायला आला तेव्हा घरात ते एकटेच होते. त्याचं इंग्रजी दीनानाथांना कळेना आणि दीनानाथांचं त्याला. शेवटी त्याने पट्ट्याकडचं छोटं चक्र हातात धरलं आणि तो गॅरेजभर धावला. मग मोठं धरलं आणि कमरेवर हात ठेवून थेट म्हाताऱ्यासारखा रखडत चालून दाखवलं. बत्तीस वर्षं बँकेत लोकांचे चेहरे वाचलेल्या माणसाला याहून स्पष्ट काय हवं? मोठं लावलं की गाडी हळू. त्यांनी त्याच संध्याकाळी ते परीक्षितला सांगितलं. परीक्षितने लॅपटॉपवरून मान न उचलता "बरं, बाबा" म्हटलं.

आता त्यांनी पुन्हा पाना हातात घेतला, पण तो लगेच बोल्टला लावला नाही. कारण हे पहिल्यांदा घडत नव्हतं. गेल्या आठवड्यातही त्यांनी मोठं बसवलं होतं आणि नंतर पाहिलं तर छोटं. तेव्हा त्यांनी स्वतःला समजावलं, की राहून गेलं असेल. पण दुसऱ्यांदा?

शशिकांतदादाचं असंच सुरू झालं होतं. दीनानाथांचा हा थोरला भाऊ. आधी तो शपथेवर सांगायचा, की पेपरवाल्याशी मी बोललोय, दाराला कडी मी लावलीय. बोललेला नसायचा, लावलेली नसायची. पुढे पुढे तो दीनानाथांनाच विचारायला लागला, "आपण कोण?" अगदी अदबीने, बँकेत नवा खातेदार यावा तसं. ती अदब दीनानाथांच्या काळजात रुतून बसली होती. तेव्हापासून 'विसरलो' हा शब्द त्यांनी वापरातूनच काढून टाकला. राहून गेलं म्हणायचे, लक्षात आलं नाही म्हणायचे. आणि या घरातही तो शब्द कोणी उच्चारत नसे, हे त्यांच्या आताशा ध्यानात यायला लागलं होतं.

ध्यानात बरंच काही यायला लागलं होतं, तेच तर दुखणं होतं. जॅमची रिकामी बाटली आपण कागद-प्लास्टिकच्या गुलाबी पिशवीत टाकली असं त्यांना पक्कं वाटायचं, आणि कचरा न्यायला कौन्सिलची गाडी यायच्या दिवशी ती काचेच्या निळ्या खोक्यात असायची. हीटिंग कमी करून झोपावं, तर सकाळी आकडा चढलेला. गोळ्यांच्या डबीत त्यांनी रक्तदाबाची गोळी रात्रीच्या खणात ठेवली, तर ती सापडली सकाळच्या खणात. आणि सर्वांत वाईट म्हणजे सुप्रभाचा फोटो. बायको गेल्यापासून तो त्यांच्या उशाशेजारच्या टेबलावर असायचा. एके दिवशी टेबल रिकामं. शोधून शोधून दमले तेव्हा तो स्वेटरच्या ड्रॉवरमध्ये तळाशी सापडला, पालथा. त्या दिवशी ते जेवले नाहीत. पोट बिघडलंय म्हणाले.

विचारायचं कोणाला? परीक्षितला विचारलं तर तो डॉक्टरकडे नेणार. डॉक्टर गोड हसून विचारणार, आज वार कोणता. आणि मग व्हिसा, विमा, परत पुण्याला पाठवायचं की ठेवून घ्यायचं, अशी कुजबुज सुरू होणार. कुजबुज सुरू झालीच होती म्हणा. ते पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले की परीक्षित आणि देवयानी बोलता बोलता थांबायचे आणि दोघंही एकदम हसायचे.

"आजोबा, माझा गाडी रेडी झाला?" अक्षया दारात उभी होती.

"झाली," ते म्हणाले. "गाडी झाली म्हणावं, बाळा."

"झाली. आय नो. स्नो कधी पडणार?"

"बातम्यांत म्हणतायत, सोमवारी."

त्यांनी मोठं चक्र बसवलं. चेन चढवली, ताण पाहिला, चेनलॉकची क्लिप दाबली. झाकण लावता लावता ते थबकले. आता उद्या हे पुन्हा छोटं दिसलं तर? नुसत्या आठवणीवर आपला भरवसा उरला नव्हता, मग पुरावा तरी असू दे. ते देवघरातून कुंकवाची कोयरी घेऊन आले आणि मोठ्या चक्रावर अनामिकेने ठसठशीत बोट ओढलं. मराठी घरात नव्या गाडीला कुंकू लागलं तर कोणाला काय संशय येणार? दसऱ्याला तर शिवणयंत्रालाही लागतं.

सोमवारी उजाडलं तेव्हा खिडकीबाहेर सगळं पांढरंशुभ्र झालं होतं. इतका बर्फ या गावाने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता म्हणे. शाळा बंद, बस बंद, चौकातल्या राउंडअबाउटवर गाड्या आडव्या. परीक्षितने ऑफिसला फोन करून टाकला. अक्षया दोन पँटी आणि तीन स्वेटर घालून जिन्यात नाचत होती.

दीनानाथ सगळ्यांच्या आधी गॅरेजमध्ये गेले. त्यांनी झाकण उचललं.

छोटं चक्र. कोरं करकरीत.

त्यांनी बिस्किटांचा डबा उघडला, फडकं सोडलं. मोठं चक्र आत होतं, आणि त्याच्यावर त्यांच्या बोटाचं लालभडक कुंकू.

हळूहळू अर्थ लागत गेला. कुंकू लावलं होतं, म्हणजे चक्र बसवलं होतं. आपण बसवलं होतं! आपलं डोकं शाबूत होतं! दुसऱ्याच कोणीतरी काढलं होतं. त्यांना आधी रडू आलं, आणि पाठोपाठ असा संताप आला, की बँकेतून निवृत्त झाल्यापासून आला नव्हता.

"परीक्षित!" ते ओरडले. "खाली ये! आत्ताच्या आत्ता!"

परीक्षित धावत आला, मागून देवयानी आणि अक्षया. दीनानाथांनी चक्र वर धरलं होतं. "हे कोणी काढलं?"

परीक्षितने देवयानीकडे पाहिलं. देवयानीने बर्फाकडे पाहिलं.

"मी," परीक्षित म्हणाला. "बाबा, प्लीज, चिडू नका. तुम्ही उलटं बसवत होतात. मोठं चक्र म्हणजे जास्त स्पीड ना? माझ्या सायकलला मोठं टाकलं की मी सुसाट जातो. म्हणून मी काल रात्री छोटं लावलं."

"आणि त्याच्या आधी?"

"तेव्हाही मीच."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तोंडावर कसं सांगणार? तुम्ही एवढ्या प्रेमाने करताय. म्हटलं, गुपचूप नीट करून ठेवू. पण तुम्ही परत परत तेच करायला लागलात, तेव्हा..." तो घुटमळला. "तेव्हा आम्हाला काळजी वाटायला लागली."

"काळजी! अरे, मला वाटलं मी दादाच्या वाटेने चाललो! दर वेळी छोटं चक्र पाहून मी डबा उघडून उघडून बघायचो, आणि तू इथे माझा मान राखत बसला होतास!"

परीक्षितचा चेहरा उतरला. काहीतरी करायचं म्हणून तो भिंतीला टेकवलेल्या सायकलपाशी गेला, उकिडवा बसला आणि हाताने पेडल फिरवू लागला. गिअर बदलला, पुन्हा फिरवलं. मग मान खाली घालून तो हसायलाच लागला. "मी पुढच्या चक्राचं सांगत होतो, बाबा. मागचं मोठं तर चढाचं असतं, हळू जायचं. हे चक्र पट्ट्याकडचं, म्हणजे मागचं. तुमचं बरोबर होतं."

"माझं नाही, युहाचं. त्याने चालून दाखवलं होतं."

"म्हणजे आज ही छोट्या चक्रावर सुटली असती?" देवयानीने विचारलं आणि अक्षयाला जवळ ओढलं.

पण दीनानाथांचं लक्ष आता गाडीवर नव्हतं. त्यांना एकदम हलकं हलकं वाटायला लागलं होतं. "थांबा," ते म्हणाले. "अजून काय काय गुपचूप नीट केलंत? जॅमची बाटली?"

"ती मी," देवयानी हळूच म्हणाली. "काच गुलाबी पिशवीत चालत नाही, बाबा. ते लोक पिशवीच उचलत नाहीत."

"हीटिंग?"

"मी. अक्षयाला खोकला होता."

"गोळ्या?"

"त्याही मीच. डॉक्टरांनी सकाळची सांगितली होती. तुम्हाला बोलून दाखवलं असतं तर वाईट वाटलं असतं."

दीनानाथ जुन्या टायरच्या ढिगावर टेकले आणि खो खो हसले. किती दिवसांत असे हसले नव्हते. म्हणजे एक एक करून सगळं या दोघांचंच! आपल्याला भूत लागलं नव्हतं, घरात दोन भुतं होती, आणि तीही अदबशीर!

"हे बघा," डोळे पुसत ते म्हणाले, "आजपासून हे बंद. मी चुकलो तर माझ्या तोंडावर सांगायचं. वाईट वाटलं तर माझं मला वाटेल, मी बघून घेईन. पण कोणी काही लपवायचं नाही. कबूल?"

"कबूल," दोघं म्हणाली. अक्षयाही म्हणाली.

"आणि देवयानी, तो सुप्रभाचा फोटोही तूच हलवलास ना? पुसायला काढलास आणि स्वेटरच्या ड्रॉवरमध्ये राहिला."

देवयानी गोंधळली. "कुठला फोटो? उशाशेजारचा? बाबा, आईंच्या त्या फोटोला मी हात लावत नाही. तुम्ही स्वतः पुसता तो."

"मग परीक्षित, तू?"

परीक्षितने मान हलवली.

"मी नाही," अक्षयाने आपण होऊन सांगितलं. "स्वेटरचा ड्रॉवर वर आहे. मला पोचत नाही."

गॅरेजच्या दारातून गार वारा आत येत होता. दीनानाथांच्या हातात ते कुंकू लावलेलं चक्र होतं. जिभेवर एक वाक्य तयार होतं, नेहमीसारखं: अरे हो, मीच आवरताना ठेवला असेन, लक्षात आलं नाही. सगळ्यांनी मान डोलावली असती आणि सगळे बर्फात खेळायला गेले असते. वाक्य अगदी सोपं होतं. पण कबूल करून घेऊन जेमतेम मिनिट झालं होतं.

"मग तो मी ठेवला," ते म्हणाले. "आणि मला आठवत नाही. जराही आठवत नाही."

परीक्षित उठला, त्यांच्या शेजारी टायरवर येऊन बसला आणि त्याने चक्र त्यांच्या हातातून घेतलं नाही, नुसता त्यांच्या हाताखाली हात धरला.

मग दोघांनी मिळून मोठं चक्र बसवलं. परीक्षित प्रत्येक गोष्ट मोठ्याने बोलत होता, हा बोल्ट सोडला, ही चेन चढवली, क्लिप दाबली, आणि दीनानाथ प्रत्येक वेळी "पाहिलं" म्हणत होते.

घरामागच्या मैदानात गाडी फुरफुरत सुटली, आणि खरोखरच इतकी हळू, की अक्षयाने रागाने मागे वळून पाहिलं. देवयानी तिच्या डाव्या बाजूने चालत होती, दीनानाथ उजव्या. गाडी त्यांच्या पुढे जात नव्हती. त्यांच्या चालीने चालत होती.

"बाबा!" मागून परीक्षितने हाक मारली. क्षणभर थांबला. मग मोठ्याने म्हणाला, "मफलर विसरलात!"

दीनानाथांनी गळ्याला हात लावून पाहिला. गळा उघडा होता.

"हो, विसरलो," ते म्हणाले. "जा, घेऊन ये."