दांड्याचा आरसा आणि शिंपीदादांचे हसू

मी एक जुना, लाकडी दांड्याचा आरसा आहे. कडेचा पारा उडाला आहे, दांड्याला दोरा गुंडाळला आहे. पण नजर अजून शाबूत आहे, मित्रांनो!

माझी उमेदीची वर्षे केस कापण्याच्या दुकानात गेली. काम झाले की मालक मला गिऱ्हाइकाच्या मानेमागे धरत आणि गिऱ्हाईक स्वतःवरच खूश होऊन मान डोलवी. मीही फुशारून जाई. पुढे मालक थकले, दुकान बंद झाले आणि मी बोथट कात्र्यांसोबत खोक्यात पडलो. त्यांच्या मुलीने मला बाहेर काढले. ती फिजिओथेरपिस्ट, दुबळ्या स्नायूंना व्यायामाने पुन्हा कामाला लावणारी.

या ताईंच्या खोलीत मात्र मला कुणी हौसेने हातात घेत नसे. एके सकाळी शिंपीदादा आले. त्यांचा अर्धा चेहरा अचानक लुळा पडला होता. उजवा डोळा मिटेना, चूळ भरता येईना, ओठांत धरलेल्या टाचण्या गळून पडत. पण त्यांचे खरे दुःख वेगळेच होते.

"ताई, माझी छकुली माझ्याकडे बघून रडते हो. मी तिला उचलून घेणंच सोडलंय. कधी सरळ होणार हे तोंड?"

"येईल हळूहळू. पण घाई करायची नाही," ताई म्हणाल्या.

कोमट कापडाचा शेक, गालावर हलका हात आणि मग मी. माझ्यात बघून भुवया उचलायच्या, ओठांचा चंबू करायचा, तोही अगदी अलगद. दादांना हे कुठले पटायला! घरी ते जीव खाऊन तोंड ओढत. काही महिन्यांनी गाल हलू लागला खरा, पण ओठ हलवला की नको असताना डोळाही आपोआप मिटू लागला.

ताईंनी ओळखले. "घरी जोर लावता ना? दादा, दोरा फार ओढला तर शिवणीचं काय होतं?"

"चुण्या पडतात," दादा म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी चेहऱ्याला तलम कापडासारखे जपले.

मग एकदा वहिनी छकुलीला घेऊनच आल्या. दादांनी सवयीने भिंतीकडे तोंड फिरवले. छकुलीने भोकाड पसरले. वहिनींचा धीर सुटला.

"अहो, ती तोंड बघून नाही रडत! तुम्ही तोंड फिरवता म्हणून रडते. जरा बघा तरी तिच्याकडे!"

दादांनी मला टेबलावर पालथे ठेवले. आता मला काही दिसेना, नुसते ऐकू येत होते. रडणे थांबले. एक हुंदका आला. मग खुदकन आवाज झाला आणि वहिनी ओरडल्या, "बघा, बघा, तुमच्यासारखीच एका बाजूनं हसतेय!" पाठोपाठ दादांचे मोठे हसू खोलीभर घुमले.

दादांचा ओठ आजही किंचित खाली असतो. मित्रांनो, मला मऊ कापडाने पुसत जा, एवढेच माझे मागणे. आणि कुणाचे तोंड वाकडे दिसले, तर मान फिरवू नका. डोळ्यांत बघून बोला. आयुष्यभर मी माणसांचे चेहरे पाहिले. ते एक हसू तेवढे पाहायचे राहिले, आणि त्याचे मला मुळीच वाईट वाटत नाही.