कागदावरची आजारी तानाबाई

मी बोलतेय, संगणकाच्या प्रोग्रॅममधली बारा ओळींची एक जोडणी. राजारामपुरीतल्या एका छोट्या ऑफिसात २००४ साली शिवलीलाने मला लिहिलं.

रक्ततपासणीचा अहवाल कागदावर कसा दिसावा, ते स्टाइलशीट ठरवते. पण नेहमीचं प्रमाण किती, हे तिला ठाऊक नसतं. ते ॲप्लिकेशनने, म्हणजे लॅबच्या चालू प्रोग्रॅमने, जपलेल्या एका ऑब्जेक्टला, माहितीच्या गाठोड्याला, ठाऊक. स्टाइलशीटने हाक मारली की मी त्याला विचारून यायचं, एवढंच माझं काम.

तेवढंही मी केलं नाही.

"चालू ॲप्लिकेशनच्या ऑब्जेक्टला हात लावायचा न्हाय," बाळासो सर म्हणाले. ऑफिसात तेच थोरले. "तसलाच नवा करून घे की."

"सर, नवा कोरा असतो, सुरुवातीचेच आकडे घेऊन येतो. नंतरचे बदल त्याला कोण सांगणार?"

"दहा वर्षं हेच करतोय मी. लिही."

शिवलीलाने कीबोर्ड आपटत लिहिलं. तेव्हापासून घरातलं जाणतं माणूस सोडून मी आत्ता जन्मलेल्याला विचारू लागले.

पुढे लॅबमध्ये नवं यंत्र आलं. डॉक्टरांनी थायरॉइडची मर्यादा बदलली. जपलेल्या ऑब्जेक्टला ती कळली, पडद्यावर दिसली. माझा कोरा ऑब्जेक्ट जुनीच सांगत राहिला आणि मी ती छातीठोकपणे कागदावर पोचवत राहिले.

राधानगरीकडच्या तानाबाईच्या अहवालावर ठळक 'जास्त' उमटला. तिचं पिशवीचं ऑपरेशन पुढे ढकललं. पुन्हा सुई टोचली, पुन्हा मी तेच छापलं. या वेळी डॉक्टरांनी पडदा आणि कागद शेजारी धरले, आणि शिवलीला आणि सर दोघांना लॅबमध्ये बोलावून घेतलं.

"म्हशी भैणीच्या दारात बांधून दोनदा आलो मी," तानाबाई म्हणाली. "पडद्यावर बरी, कागदावर आजारी. ह्यातली मी कुठली गं, पोरी?"

शिवलीला सरांकडे वळली. "मी सांगितलं होतं."

"सांगितलंस की. पण लिहिलंस तूच न्हवं?"

ती तडक ऑफिसात परतली.

त्याच दुपारी तिने मला बदललं. आता मी नवं काही घडवत नाही. ॲप्लिकेशनकडे त्याचा जपलेला ऑब्जेक्ट मागते, मगच बोलते. सर मागे उभे राहून बघत होते. "असंच ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणाले.

तानाबाईला नवा अहवाल मिळाला, ऑपरेशनची तारीखही. जुना कागद शिवलीला फाडणार होती.

"फाडू नगं. परत का यावं लागलं, ते घरात कागदाबिगर पटायचं न्हाय."

म्हणून तो कागद राधानगरीला गेला. तुम्ही माझ्यासारखं काही लिहीत असाल, तर जाणत्याला विचारायची वाट तेवढी ठेवा. मला दुरुस्त करता आलं. त्या कागदावरचा 'जास्त' मात्र अजून माझ्याच तोंडचा आहे.