भिंतीवरचा बोर्ड

साहेब, बोर्ड तुम्ही लावला. आतलं वाय-फायचं मशीन काढून नेलं आणि बोर्ड भिंतीवर तसाच ठेवला. आता हात झटकू नका. शिवलीलाचं काय झालं ते आधी ऐका.

शिवलीला करकंबची आशाताई. घरोघरी फिरून बाया-लेकरांच्या तब्येतीची नोंद ठेवणारी. सात रस्ता चौकाजवळच्या तुमच्या आरोग्य खात्याच्या हापिसात मीटिंग, म्हणून सकाळच्या एसटीनं आली. पोचते न पोचते तोच आशाताईंच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वरच्या मॅडमचा हुकूम पडला: रजिस्टरच्या सगळ्या पानांचे फोटो अकराच्या आत पाठवा, नाहीतर मीटिंगमध्ये उभं करीन. तिनं बाकावर बसून चाळीस पानांचे फोटो काढले. बारा फोटो गेले आणि नेट संपलं.

समोर बोर्ड: ‘मोफत वाय-फाय, जनतेच्या सेवेसाठी.’ मोबाईलमध्येही एक बिनपासवर्डचं वाय-फाय दिसत होतं. सरकारी भिंत, सरकारी बोर्ड. शंका कोण घेणार? जोडलं तसं एक पान उघडलं, वर बोर्डावरचंच चिन्ह. नाव, नंबर, ईमेल, त्याचा पासवर्ड. हापिसात शिरलं की दारातल्या वहीत विचारतील ते लिहायचं, ही तिची बारा वर्षांची सवय. हितंही तसंच भरलं. ओटीपी मागितला, तोही दिला. फोटो भराभर गेले.

पाच मिनिटांत मेसेज आला: तुमच्या ईमेलचा पासवर्ड बदलण्यात आला आहे.

तिनं जुना टाकून बघितला. चुकीचा. परत टाकला. चुकीचा.

चहाचे कप गोळा करणाऱ्या शिपायाला तिनं हाक मारली. “महादेवप्पा, तुमचं वाय-फाय पासवर्ड बदलतं का हो?”

“कुटलं वाय-फाय, यव्वा? ते मशीन गणपतीच्या आधीच नेलंय की दुरुस्तीला.”

“मग हे फोनात दिसतंय ते?”

“कुणाचं हाय कुणास ठाऊक. आमी न्हाय जोडत.”

“आन् बोर्ड?”

“बोर्ड काढा म्हणून वरनं कागद आलाय व्हय? मी काढला तर मलाच काढतील.” तो हसला.

तिच्या मोबाईलमधला प्रत्येक फोटो त्याच ईमेलच्या खात्यात आपोआप जमा व्हायचा. चाळीसच्या चाळीस पानं तिथं. सत्ताविसाव्या पानावर पायल. दोन लेकींची आई. सासूला नातू हवा, आणि पायल दीड वर्षं गुपचूप तीन महिन्यांची सुई घेतेय, दिवस जाऊ नयेत म्हणून. ‘ताई, घरात कळलं तर मला माहेरी धाडतील, लेकी ठेवून घेतील.’ असं ती म्हणाली तेव्हा शिवलीलानं तिला कुणाला कळू न देण्याचा शब्द दिला होता. त्या पानावर पायलचं नाव, नवऱ्याचं नाव, नंबर, सुईच्या तारखा. सगळं शिवलीलाच्याच अक्षरात.

पायलला सावध करायला हवं. तिनं फोन लावला. त्या घरात फोन एकच.

“कोन? आशाताई व्हय?” सासू सोनाबाईंचा आवाज. “सुनंकडं काय काम काढलंस?”

“काय न्हाय मावशी. धाकटीच्या डोसाचं.”

“मग मला सांग की. लई कुजबुज असती तुमची. काय चाललंय?”

“आवाज येईना मावशी,” म्हणत तिनं फोन तोडला. सावध करायला गेली आणि म्हातारीच्या मनात संशय पेरून बसली.

तशीच ती तुमच्या केबिनमध्ये आली. तुम्ही मान वर न करता म्हणालात, “ओटीपी कुणाला द्यायचा नसतो, एवढं कळत नाही?”

“चुकलं माझं,” ती म्हणाली. “पोलीस ठाण्यात जाऊन तसं लिहून देते. पर पानांचे फोटो मागितले कुणी? मशीन नेलं तवा बोर्ड का न्हाय उतरवला? ज्याच्या हातात ती पानं गेली, त्यानं पायलच्या पानावरच्या नंबरावर फोन केला तर उचलणार सासू. संध्याकाळच्या गाडीनं मी गावात उतरणार. त्या पोरीला काय सांगू, साहेब? बोला. मी हितनं हलत न्हाय.”