सकाळचे दोन तास

प्रभा टिपणीस १९७५ साली कुवेतला आली तेव्हा एकेचाळीस वर्षांची होती. मुंबईला फिजिओथेरपी शिकून तिनं पुण्यात पंधरा वर्षं नोकरी केली होती. नवरा जगन्नाथ वर्षभर आधीच शुऐबाच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागला होता. मूलबाळ नव्हतं. फिंतासला, समुद्रापासून दोन गल्ल्या आत, त्यांनी दोन खोल्यांचं घर भाड्यानं घेतलं आणि प्रभा शहरातल्या एका इस्पितळात रुजू झाली.

तिथं तिचं नाव लवकर झालं. प्लास्टर काढल्यावर आखडलेली कोपरं, अपघातानंतर न वाकणारे गुडघे तिच्याकडं यायचे आणि महिन्या-दोन महिन्यांत वाकायला लागायचे. तिच्या हातात जोर होता, आणि मन ती जरा बाजूला ठेवायची. रडणाऱ्याला ती म्हणायची, रडा, पण वाकवा. पुष्कळांना याचा फायदा झाला होता, त्यामुळं आपलं काही चुकतं असं तिला कधी वाटलं नाही.

सत्त्याहत्तरच्या हिवाळ्यात बिल्कीस परकार तिच्याकडं आली. दापोलीकडची, साठीच्या आसपासची, बारीक चणीची बाई. तिचा मुलगा हुसेन याचं मिरकाबला कापडाचं दुकान होतं आणि वरच्या मजल्यावर घर. नवरा वारल्यावर त्यानं आईला इकडं आणलं होतं. तिचे गुडघे आणि हाताची बोटं सकाळी आखडतात अशी तक्रार होती. एक्स-रेमध्ये गुडघ्यांची वयाप्रमाणं झालेली झीज तेवढी दिसत होती. बोटांच्या फोटोत काही नव्हतं.

प्रभानं तिला अकरा वाजताची वेळ दिली होती. त्या वेळेला बिल्कीसची बोटं बऱ्यापैकी मिटायची, उघडायची. प्रभानं विचारलं, मग दुखतं कुठं?

“आता नाय दुखत तेवडां,” बिल्कीस म्हणाली. “सकालची कोनतरी माजे हात धरून बसतां, बाय. सोडीतच नाय.”

प्रभा हसली. गरम मेणात हात बुडवून झाल्यावर तिनं बोटं एकेक करून दाबून वाकवायला सुरुवात केली. बिल्कीस ओरडली नाही. तोंड भिंतीकडं वळवून बसली आणि तिच्या हनुवटीवरून पाणी ओघळत राहिलं. असं पाच वेळा झालं. सहाव्या खेपेला ती म्हणाली की आज राहू दे, सांधे सुजलेत. प्रभाला सूज दिसली नाही. बाहेर आठ माणसं थांबलेली होती. तिनं कागदावर लिहिलं की रुग्ण सहकार्य करत नाही, दुखणं वाढवून सांगते. दारात हुसेन उभा होता. त्याला तिनं सांगितलं की तुमच्या आईंना विशेष काही नाही. रिकाम्या बसतात म्हणून आखडतात. घरात कामाला लावा.

त्यानंतर बिल्कीस आली नाही. वर्षभरानं गावी गेली आणि तिथंच वारली, हे प्रभाला कोकणातल्याच एका नर्सकडून उडत उडत कळलं. तिला वाईट वाटलं, पण बाहेर माणसं थांबलेलीच होती.

पंच्याऐंशीच्या फेब्रुवारीत एका सकाळी प्रभा चहा ठेवायला उठली. जगन्नाथची बस पावणेपाचला निघायची, त्यामुळं घरात ती एकटी होती. बाहेर वाळूवरून येणारा थंड वारा खिडकीच्या फटींतून शिरत होता. तिनं गॅसचं बटण धरलं आणि ते फिरेना. बटण घट्ट झालं असेल म्हणून तिनं दुसरा हात लावला, तेव्हा कळलं की बटण ठीक आहे, बोटंच मिटत नाहीत. ती हातांकडं बघत उभी राहिली आणि तिच्या तोंडून आपसूक निघालं, कोनतरी हात धरून बसतां.

आवाज तिचाच होता, पण बोली तिची नव्हती. ती खुर्चीत बसली ती साडेसहापर्यंत बसूनच राहिली. मग बोटं हळूहळू सुटली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी जाग आली तेव्हा तिला वाटलं की पलंगाच्या कडेला गादी दबली आहे. कुणी बसलं की दबते तशी, हलक्या अंगाच्या माणसानं. तिनं मान वळवली नाही. मानही आखडलेली होती, आणि तसं नसतं तरी तिनं वळवली असती असं नाही. अर्ध्या तासानं उजेड आला तेव्हा गादी सपाट होती.

प्रभा भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नव्हती. झोप पुरत नाही, वय झालं, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण त्या महिन्यात गादी रोज दबत गेली. जगन्नाथला तिनं काही सांगितलं नाही. इस्पितळातही नाही, कारण हात गेले की नोकरी जाणार आणि नोकरीबरोबर इथलं राहणंही. ती आठऐवजी दहाची पाळी मागून घ्यायला लागली. रोग्यांना म्हणायची, मी सांगते तसं तुम्हीच करा. बरण्यांची झाकणं ती कोपराखाली धरून तळव्यानं फिरवायची. साडी सोडून पंजाबी पोशाख घालायला लागली, कारण निऱ्या पडत नव्हत्या. विचारणाऱ्यांना सांगायची, सोपं पडतं.

असं आठ महिने चाललं. मग एक दिवस एका कुवेती म्हातारीचा खांदा वर नेत असताना तिची पकड सुटली आणि म्हातारीचा हात खाटेच्या लोखंडावर आपटला. इजा झाली नाही, पण खोलीतल्या सगळ्यांनी पाहिलं. संध्याकाळी सांध्यांचे डॉक्टर कमाल यांनी तिला बोलावून घेतलं. हे इजिप्तचे, साठीकडं झुकलेले, सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांनी तिचे हात टेबलावर पालथे ठेवायला लावले आणि बोटांच्या मुळाशी असलेले सांधे नुसते अंगठ्यानं चाचपले.

“सकाळी किती वेळ लागतो?” त्यांनी विचारलं.

“दोन तास.”

“रोज?”

“रोज.”

त्यांनी रक्त तपासायला पाठवलं आणि जे यायचं तेच आलं. संधिवात, पण म्हातारपणाचा नव्हे; शरीर आपल्याच सांध्यांवर उठतं तो. गोळ्या, आठवड्याला सोन्याच्या क्षारांचं इंजेक्शन, सूज असताना विश्रांती आणि नसताना हलका व्यायाम. दाबून वाकवणं अजिबात नाही. हे शेवटचं सांगताना ते हसून म्हणाले की तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही त्यातल्याच. प्रभा हसली नाही. तिनं विचारलं की सुरुवातीला एक्स-रेत दिसतं का. ते म्हणाले, पहिली एक-दोन वर्षं काहीच दिसत नाही पुष्कळदा. सकाळ कशी जाते ते विचारावं लागतं, तेच खरं.

तिनं रेकॉर्ड खोलीतून बिल्कीसचा जुना कागद काढायला लावला. तो सापडायला चार दिवस लागले. आपलं घोटीव अक्षर तिनं ओळखलं. दोनच वाक्यं होती आणि खाली तिची सही. ज्या वेळी बाईची बोटं सुटलेली असत त्याच वेळेला आपण तिला दर खेपेला बोलावलं, हे तिला तो कागद हातात असताना पहिल्यांदा कळलं.

शुक्रवारी ती मिरकाबला गेली. दुकान तिथंच होतं. हुसेन कामासाठी दुबईला गेला होता. वरच्या मजल्यावर त्याची बायको ताहिरा एकटीच होती. पंचेचाळिशीची, जाड भिंगांचा चष्मा लावणारी. तीनपैकी दोन मुलं मोठी होऊन शिकायला गेली होती, धाकटा खाली खेळत होता. प्रभानं स्वतःची ओळख सांगितली तेव्हा ताहिरानं तिला बसवलं, चहा आणला, आणि प्रभानं कप दोन्ही तळव्यांत धरून उचललेला पाहून काही विचारलं नाही.

प्रभानं सगळं सांगितलं. कागदावर काय लिहिलं ते, हुसेनला काय सांगितलं ते. मला रोग ओळखता आला नाही, मी त्यांना खोटं ठरवलं, म्हणाली. ती माफी मागायला आली होती, पण नेमका तो शब्द तिला उच्चारता आला नाही.

ताहिरानं चहाचा ट्रे बाजूला सरकवला. मग म्हणाली की तुम्ही सांगितलंत तसंच आम्ही केलं. तिन्ही मुलांचे कपडे धुणं, तांदळाच्या भाकऱ्या, सगळं सासूकडं दिलं. हुसेनला वाटायचं हेच औषध आहे. आणि सासू ते करायची, म्हणून डॉक्टरीणबाईंचं बरोबर होतं असंही वाटायचं.

“पण मी पाहिलं होतं, ताई,” ती म्हणाली.

“काय?”

“फजरच्या नमाजाआधी घंटाभर उठायची ती. न्हाणीत स्टुलावर बसायची, बादलीत गरम पाणी घेऊन, दोन्ही हात कोपरापर्यंत बुडवून. रोज. आम्ही उठायच्या आत हात चालते करून ठेवायची. मी एकदा दार लोटलं तर बसलेली दिसली. दातात पदर धरला होता तिनं, आवाज होऊ नये म्हणून.”

“मग?”

“मग मी दार लोटून घेतलं आणि परत जाऊन निजले. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काम माझ्यावर आलं असतं. धाकटा तेव्हा सहा महिन्यांचा होता.” तिनं चष्मा काढून पुसला. “तुम्हाला ठाऊक नव्हतं. मला होतं.”

प्रभानं कप खाली ठेवला. ताहिराच पुढं सांगत गेली. गावी मयताला गुसल, म्हणजे शेवटची आंघोळ, देणाऱ्या बायांनी नणंदेला सांगितलं होतं की बोटं उघडेनात; शेवटी तशीच राहू दिली. आणि इथं, या घरात, अजूनही फजरच्या आधी न्हाणीत बादली भरल्याचा आवाज येतो. नळ दोनदा बदलून झाला. हुसेनला वाटतं, त्यांच्याही वरच्या मजल्यावरचं पाणी असेल. ताहिरा त्या वेळी उठून बसते आणि आवाज थांबेपर्यंत अंथरुणातच राहते. न्हाणीचं दार लोटून बघायची हिंमत इतक्या वर्षांत झालेली नाही.

“माझ्याकडं त्या पलंगावर बसतात,” प्रभा म्हणाली. हे तिनं कुणाजवळ बोलून दाखवलं ते पहिल्यांदाच.

ताहिरानं आश्चर्य दाखवलं नाही. रागावलेल्या वाटतात का, एवढंच विचारलं. प्रभानं विचार केला आणि म्हणाली की नाही, दमलेल्या वाटतात. मग दोघी रडल्या नाहीत की एकमेकींचं सांत्वनही केलं नाही. ताहिरानं आणखी चहा केला आणि या वेळी कान नसलेल्या रुंद पेल्यात दिला.

त्या संध्याकाळी प्रभानं जगन्नाथला सगळं सांगितलं. आजार, कागद, ताहिरा. गादीचंही सांगितलं. तो बोलायला फारसा धीट नव्हता. आठ महिने आपल्याला दिसलं कसं नाही याची लाज त्याच्या चेहऱ्यावर आली. दुसऱ्या दिवशी कारखान्यातून येताना त्यानं पाइपचे तुकडे आणि पत्रा आणला आणि पुढच्या पंधरा दिवसांत घरातल्या सगळ्या गोल मुठी काढून टाकल्या. दारांना लांब दांडे आले, जे कोपरानं दाबता येत. गॅसच्या बटणांना त्यानं वीतभर लांबीच्या पट्ट्या जोडल्या. लाटण्याला, चमच्यांना, दात घासायच्या ब्रशला सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलं. संध्याकाळी उन्हं उतरली की तो तिला समुद्रावर न्यायचा. आधी वीस पावलं, मग शंभर, मग पाण्याच्या कडेनं मशिदीपर्यंत.

इस्पितळात डॉक्टर कमाल यांनी तिच्यासाठी खटपट केली. रोग्यांना हात लावायचं काम सुटलं आणि नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाशी आधी बोलून टिपण करायचं काम तिला मिळालं. अरबी तिला कामापुरतं येत होतं. ती सगळ्यांना सकाळचं विचारायची. किती वाजता उठता, पहिल्यांदा काय धरता, ते हातातून पडतं का, घरातले तेव्हा कुठं असतात. आणि जिथं शक्य असेल तिथं सकाळी सातची वेळ द्यायची, आखडलेले असतील तसेच या म्हणून. त्यातून पुढच्या दोन वर्षांत सात-आठ बायका वेळेवर सापडल्या. डॉक्टर तिला तसं सांगायचे. तिला ते ऐकायला आवडायचं, पण त्यामुळं पहाट हलकी होत नसे.

एकदा जहराकडची एक बाई आली. मुलगा म्हणत होता की कामाचा कंटाळा आहे तिला, बाकी काही नाही. रक्त साफ निघालं, एक्स-रे साफ, बोटांवर सूज नाही. डॉक्टर कमाल म्हणाले की हे मात्र नसावं, तुम्हाला आता सगळीकडं तेच दिसतं. प्रभा म्हणाली, असेलही. तरी तिनं टिपणात लिहिलं की बाई सांगते ते खरं धरून उपचार चालू ठेवावेत. मुलाला बाहेर बोलावून तिनं बजावलं की तिच्याकडून जड काम करून घेऊ नका. बाई तीन आठवडे आली आणि मग यायची थांबली. तिला काय होतं, होतं की नव्हतं, ते कधीच कळलं नाही. त्या बाईची आठवण प्रभाला पुढं बरीच वर्षं येत राहिली.

महिन्यातून एखाद्या शुक्रवारी ती मिरकाबला जायची, नाहीतर ताहिरा बसनं फिंतासला यायची. दोघी भाजी निवडत बसायच्या. प्रभाचा वेग निम्मा होता, म्हणून ताहिरा आपलाही कमी करायची. बिल्कीसचा विषय क्वचितच निघे. निघाला तर ताहिरा सासूच्या हातच्या सांदणांबद्दल सांगायची, किंवा ती कशी कुवेतच्या उन्हाला शिव्या द्यायची ते, आणि दोघींना हसू यायचं.

अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास औषधानं बोटं बरीच सुटली, पण खांदे धरले. हात डोक्यामागं जाईना. केस कापून टाकते, असं प्रभा म्हणाली. जगन्नाथनं ऐकलं नाही. तो पहाटे चारला उठायला लागला. बस यायच्या आत तिला आरशासमोर बसवून केस विंचरायचा आणि वेणी घालायचा. पहिले काही दिवस ती दोरखंडासारखी पीळ पडलेली व्हायची, आणि तशाच वेणीनं ती दिवसभर इस्पितळात वावरायची. मग त्याला जमत गेलं. तीन पेड सारखे घेताना तो ओठ दाबून धरायचा, कारखान्यात बोल्टला चाकी लावताना धरत असेल तसे. प्रभा आरशात त्याची बोटं बघत असे. त्याच्या खांद्यामागं, पलंगाच्या बाजूला, जिथं गादी दबायची तिथं, ती कधी बघत नसे.