डावीकडचा मेनू

हळदीचे अडते संतरामशेठ यांनी दोन हजार तीन साली वेबसाईट काढली, तेव्हा हिंगोलीच्या मोंढ्यातले व्यापारी पेढ्यांसाठी का होईना, पण उद्घाटनाला जमले. शेठनी हौसेनं मेनूतलं 'आजचा भाव' दाबलं आणि झाली की फजिती! भावाचं पान उघडलं ते कडेच्या चिंचोळ्या पट्टीत, तेही अर्धंमुर्धं, आणि तिथला मेनूच गिळून बसलं.

ही साईट बनवणारी करुणा मागं उभी होती, ती पुढं सरसावली. मग तिची नजर पानाच्या तळाशी गेली आणि टाळकंच सरकलं. साईट बनवायला खपली ती, आणि खाली नाव कुणाचं, तर 'निर्मिती : देविदास'! देविदास म्हणजे ती शिकवायची त्या कॉम्प्युटर क्लासचा मालक. मेल्याला फ्रेम, म्हणजे पानाचे पाडलेले कप्पे, कशाशी खातात तेही ठाऊक नव्हतं.

"करुणा, बघ गं जरा," तो लाडीगोडीनं म्हणाला.

"मी काहून बघू, सर? ज्याचं नाव, त्यानं निस्तरावं."

देविदास कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीत बसला. स्वतःचं नाव पुसलं, तिचं टाकलं आणि शेठकडं वळला. "बघा शेठ, नाव हिचंच हाय. हिनंच घोळ घातला."

वा रे पठ्ठ्या! नाव दिलं, ते शिव्या खायला.

"भरल्या कार्यक्रमात माझी अब्रू घालवून राहिली तू?" शेठ कडाडले. "पुन्हा माझ्या दुकानाची पायरी चढू नको."

"उठा, सर," करुणा म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. साईटचं आतलं लिखाण, म्हणजे कोड, उघडताच पाप बाहेर आलं. तिनं मेनू डावीकडं ठेवला होता. शुभ कामाला डावी बाजू नको, असं शेठ कालपासून म्हणत होते आणि देविदासनं तो परस्पर उजवीकडं नेला. फ्रेमा हलवल्या, त्यांची नावं मात्र जुन्याच जागी ठेवली. त्यामुळं रुंद भागाचं नाव पट्टीला लागलं आणि जे पान उघडावं ते पट्टीतच घुसायला लागलं.

तिनं सगळं पहिल्यासारखं केलं. भाव ऐसपैस उघडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"पण मेनू डावीकडंच काहून?" शेठ गुरकावले. "उजवीकडं घे."

उजवीकडं घेणं चुटकीसरशी होणार होतं. तिनं कॉम्प्युटर बंद केला.

"न्हाई घेणार, शेठ. आता खाली माझं नाव हाय."