ऐंशीचे छत्तीस

मी फुशारक्या मारतो, हे गोमती नगरातल्या आमच्या सोसायटीत सगळ्यांना माहीत आहे. पस्तीस वर्षं रेल्वेत इंजिनियर होतो, चढउतार मोजले, रूळ टाकले. मग मी नाही मारायच्या तर कोणी? पण सध्या विषय एकच, माझी लेक सुरुची. समुद्राची लाट उतरत्या किनाऱ्यावर किती उंच चढेल, याचं गणित ती कॉम्प्युटरवर मांडते. साताऱ्याचे पाहुणे फोनवर चिडवतात, "हणमंतराव, लखनऊला समुद्र कधी आला हो?" मी म्हणतो, समुद्र नाही आला, पण त्याने कुठवर यायचं ते आमच्या घरात ठरतं.

गेल्या महिन्यात ही ऐट उतरायची वेळ आली. तिच्या कॉलेजात काचेची लांब टाकी आहे. टोकाला एक तिरकी काच, दोन फूट आडवं गेलं की एक फूट चढ. टाकीत लाट सोडायची आणि पाणी त्या काचेवर कुठवर चढतं ते बघायचं. जुन्या रजिस्टरात उंची होती चाळीस सेंटीमीटर. सुरुचीचं मॉडेल सांगत होतं छत्तीस. शुक्रवारी बाहेरच्या परीक्षकांसमोर सेमिनार, आणि आकडे जुळले नाहीत तर पीएचडी आणखी एक वर्ष लांबणार. तिचे सर म्हणाले, काचेचं घर्षण थोडं कमी धर, पाणी वर चढेल. आजवर सगळ्यांनी तेच केलंय.

बुधवारी जेवताना तिने मला रजिस्टरच्या पानाचा फोटो दाखवला. त्यात नोंद होती: शांत पाण्याच्या रेषेपासून काचेवर चिकटवलेल्या टेपवर पाणी ऐंशीपर्यंत पोचलं. मी घास हातात धरूनच निकाल दिला, "दोनाला एक चढ, ऐंशीचे चाळीस. बरोबर आहे की! आकडा ॲडजस्ट कर बेटा, साल फुकट जाईल."

"नहीं करूँगी, बाबा. फ्रिक्शन जितना है, उतना ही डाला है."

"मोठी आली हरिश्चंद्र!" मी भडकलो. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो.

"ओरडू नका, पोळी गिळा," लतिका म्हणाली. नवऱ्याला कसं गप्प करायचं ते तिला बरोबर कळतं.

गुरुवारी सकाळी सुरुची गवंडी पातळी बघायला वापरतात तसली पारदर्शक नळी घेऊन आली. "बाबा, लैब चलोगे? एक सिरा पकड़ना है." धुसफुसत का होईना, गेलो.

नळीत पाणी भरलं. एक टोक तिने टाकीतल्या शांत पाण्याशी धरलं, दुसरं मी टेपवरच्या ऐंशीच्या खुणेपाशी. नळीतल्या पाण्यापासून त्या खुणेपर्यंत तिने पट्टी सरळ उभी लावली. छत्तीसला केसभर कमी!

पट्टी घेऊन मी स्वतः पुन्हा लावली, आकडा तोच. चढ आडव्या अंतरावर धरायचा असतो आणि टेप होती तिरक्या काचेवर. रेल्वेचा चढ दोनशेला एक, तिथे तिरकं मोजा की आडवं, फरक दिसतच नाही. त्यामुळे ही चूक मला उभ्या नोकरीत कधी भेटली नव्हती, आणि भेटली तेव्हा मीच ती पोळीबरोबर गिळली. रजिस्टर लिहिणाऱ्यानेही तेच केलं होतं. पुढचे सगळे आपापलं खरं गणित त्या खोट्या चाळिसापर्यंत ओढत राहिले.

शुक्रवारी मी शेवटच्या रांगेत बसलो होतो. सुरुचीने सगळं मांडलं, चूक कुठे होती तेही. सरांनी उठून ती कबूल केली. परीक्षक बाईंनी विचारलं, "टंकी दोबारा नापने की बात किसने सुझाई?"

सुरुचीने माझ्याकडे हात केला. "मेरे पिताजी ने. बचपन से सुन रही हूँ, काग़ज़ पर भरोसा मत करो, मौक़े पर जाकर नापो."

सगळे वळले, टाळ्या वाजल्या. फुकटच्या टाळ्या मी कधी सोडत नाही. पण मला बसवेना. उठलो आणि म्हणालो, "मैडम, मैंने तो इसे आँकड़ा बदलने को कहा था. हिसाब भी ग़लत बताया था. इसने मेरी एक नहीं सुनी."

हॉल हसला. माझे डोळे भरून आले होते आणि मी ते पुसलेही नाहीत. पोरगी माझ्या शब्दाबाहेर नाही, असं मी जन्मभर मिरवत आलो. त्या दिवशी तिने माझं ऐकलं नाही हे भर सभेत मीच सांगितलं, आणि छाती जी फुगली ती आजवर कधी फुगली नव्हती.