भिंतीकडे वळवलेला दिवा

"आता टोचतो का?"

"अहो, दिवा आहे की सुई? टोचतोच!"

फोटोवाल्याने दिव्याची मान आणखी वळवली. तीस वर्षं परक्यांच्या चेहऱ्यांवर नेमका उजेड पाडणारा हा माणूस. पण बायकोसमोर त्याची सगळी विद्या पाण्यात गेली होती. आजारपणानंतर तिला उजेड सोसेनासा झाला. पडदे कायम ओढलेले. त्यात सात महिन्यांपूर्वी दोनदा तोल जाऊन पडली, तेव्हापासून त्याने खोलीत छोटा कॅमेरा बसवला होता. दुकान बंद ठेवून चालणार नव्हतं, तिची औषधं त्यावरच होती. मग दुकानात बसून तो मोबाइलवर तिच्याकडे लक्ष ठेवायचा.

पण अंधारात कॅमेरा तरी काय बघणार? कमी उजेडातही दिसावं म्हणून कॅमेऱ्याची नजर ताणली की चित्रभर वाळू उधळल्यासारखे दाणे. ते सारखे वळवळत, त्यामुळे ती हलली की दाणे हलले, काही कळत नसे. झोपली असेल, अशी तो मनाची समजूत घाली. संध्याकाळी विचारलं की तीही म्हणे, "झोपले होते की दिवसभर."

मागच्या आठवड्यात त्याने कॅमेऱ्याचं शटर मंद केलं, म्हणजे प्रत्येक चित्राला जास्त वेळ उजेड मिळेल. दाणे गेले, चित्र गुळगुळीत झालं. स्वारी खुशीत घरी आली, तर बायको फुगलेली.

"तासभर हात हलवत होते मी. फोन खाली पडला होता. बघत होतात ना?"

बघत होता. पण हलता हात मंद शटरने पुसून टाकला होता. नवशिक्यानेही करू नये अशी चूक. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हणून आज दिव्याचं तोंड थेट भिंतीकडे. "भिंतीवर आपटून परत येईल तेवढाच उजेड. सोसतो का बघ."

ती डोळे किलकिले करून बसली. "चालेल. तुमच्या जिवाला घोर नको म्हणून हं."

त्याने शटर पुन्हा पहिल्यासारखं केलं, कॅमेऱ्याची नजर सैल सोडली आणि दुकान गाठलं.

बाहेर चार गिऱ्हाइकं खोळंबली होती. पहिल्याला स्टुलावर बसवून त्याने आधी मोबाइल काढला. चित्र लख्ख होतं. चादरीच्या चुण्यासुद्धा मोजता आल्या असत्या.

ती झोपलेली नव्हती. उशीला टेकून कॅमेऱ्याकडे तोंड करून बसली होती आणि तिचे ओठ हलत होते. फोनवर असेल म्हणावं, तर फोन टेबलावर. ती काहीतरी सांगायची, मान कलती करून थांबायची, हसायची, पुन्हा सांगू लागायची. या कॅमेऱ्याला आवाज नव्हता आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं.

सात महिने ही अशीच बोलत असणार. त्याला उठून घरी पळत सुटावंसं वाटलं, पण समोर माणूस ताठ बसलेला, दारात तिघं.

पडद्यावर ती थांबली. उत्तराची वाट बघत होती.

"हं," तो म्हणाला. "मग?"

"मला विचारलंत का?" स्टुलावरचा माणूस गोंधळला.

"तुम्हाला नाही हो. तुम्ही हनुवटी जरा खाली घ्या."

मोबाइल समोर उभा करून त्याने कॅमेरा उचलला. तोवर तिने पुढचं सांगायला घेतलं होतं.